एका पंचीणबाईनं पाहिलेला नाच

४ मार्च, सोमवार

संघटनेचं पत्र आलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत मी कुठल्याही स्पर्धेत पंच म्हणून बसायचं नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच. खाली अध्यक्षांची सही. ‘तुमच्या नजरेतून माशी सुटत नाही’ असं चारचौघांत सांगत फिरणारे हेच.

जे झालं ते सरळ लिहून ठेवते, म्हणजे नंतर शब्द फिरायला नकोत. जिम्नॅस्टिक्सची निवड चाचणी होती आणि मी मुख्य पंच होते. भिंगरी म्हणतात त्या सोळा वर्षांच्या मुलीचं फ्लोअरवरचं सादरीकरण चाललं होतं. शेवटच्या उड्या मारून ती खाली आली, तेव्हा तिची उजवी टाच घसरली. मी पाहिलं. बाकीच्या दोघांपैकी एकानं काहीच कापलं नाही, दुसऱ्यानं तीन दशांश लिहून खोडले. असं झालं की मुख्य पंचाचा आकडा धरतात. मी तीन दशांश कापले. भिंगरी दोन दशांशांनी सहा जणींच्या संघाबाहेर गेली. तिच्या सरांचं म्हणणं, पाय घसरलाच नाही, ते पाऊल बसवलेलंच होतं, आणि मॅडमचे डोळे आता थकलेत.

डोळे थकलेत. हे वाक्य पेपरातही छापून आलं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते खिडकीशी बसले होते. मी मागे उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत चांगली पाच मिनिटं बोलले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. शेवटी म्हणाले, “आज हवा बरी आहे.”

राग आला असणार. लेकीचं नाव असं पेपरात आलेलं कुठल्या बापाला आवडेल?

५ मार्च, मंगळवार

शाळेतला व्यायामाचा तास घेऊन एक वाजता घरी आले, तर टीव्हीचा आवाज जिन्यातच ऐकू येत होता. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्याच. म्हणाल्या, तुमच्या घरी कुणी सुतार लावलाय का?

सुतार नव्हता. धाकट्या भावानं बाबांच्या वाढदिवसाला जुने सिनेमे भरून दिलेत, त्यातला एक लागला होता. काळा-पांढरा, टॅप डान्सचा. बुटाच्या टाचेला आणि चवड्याला धातूच्या पट्ट्या ठोकायच्या आणि पायांनीच ताशा वाजवल्यासारखं नाचायचं. बाबा चाळीस वर्षं थिएटरात ऑपरेटर होते. हा सिनेमा त्यांनी अकरा आठवडे चालवला होता, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

मी आवाज कमी केला. “चहा टाकू का?” विचारलं, तर म्हणाले, “अकरा आठवडे.” म्हणजे माझ्याशी धड बोलायचंही नाही.

७ मार्च, गुरुवार

घरात दुसरं करण्यासारखं काही नाही म्हणून आज त्यांच्याशेजारी बसले. हातात सवयीनं पंचाची वही. म्हटलं, बघू तरी या नाचऱ्यांना किती गुण पडतात.

एका टपाल कचेरीचा देखावा आहे. दोन कारकून. पुरुष ताडमाड, त्याला मी लांबूडका म्हणते. बाई त्याच्या खांद्याइतकी, ती ठेंगणी. कचेरी बंद व्हायची वेळ, दोघं पत्रांचे गठ्ठे लावताहेत आणि शिक्के मारता मारता त्यांचे पाय सुरू होतात. नाच दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. मध्ये एकदाही कापलेला नाही. कॅमेरा त्यांच्याबरोबर सरकतो आणि दोघं डोक्यापासून बोटांपर्यंत सतत दिसतात. लपवायला जागाच नाही.

मी वहीत रकाने आखले: तोल, उंची, गुडघे, उतरणं. पेन्सिल टेकवायचा अवकाश, की लांबूडक्यानं काउंटरकडे पाठ केली. काउंटर ठेंगणीच्या छातीला लागतो, म्हणजे मीटरभर उंच तरी असणार. त्याच्या दोन्ही हातांत पाकिटांची चळत. तो तसाच उभ्या जागेवरून मागच्या मागे उडाला आणि दोन्ही पाय जुळवून काउंटरवर उतरला. हातांचा झोका नाही की दोन पावलांची धाव नाही. माझ्या शाळेतल्या मुली हात जोरात वर फेकतात तेव्हा कुठे त्यांचं अंग वर उचललं जातं. याचे हात जणू बांधलेले होते. आणि उतरता उतरता बुटांनी तीन ठोके दिले. चळतीतलं एक पाकीटसुद्धा हललं नाही.

पेन्सिल हातातच राहिली.

परत लावला. पुन्हा परत. आठ वेळा पाहिल्यावर रकाने भरले. चारही शून्य. कापण्यासारखं काही नाही. तेवीस वर्षांत अशी वही मी कुणाला दिलेली नाही.

८ मार्च, शुक्रवार

आज ठेंगणी. पार्सलं तोलायचा एक भला मोठा काटा आहे, त्याच्या ताटलीवर ती चढते आणि नाचायला लागते. सुई वजन दाखवून स्थिर होते आणि तिथेच राहते. पाय सुतारपक्ष्यासारखे चाललेले आणि सुई जागची हलत नाही. मी म्हटलं, सुई रंगवलेली असणार, सिनेमातलं सगळं खोटंच.

बाबांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाले, “पुढे बघ.” पुढे लांबूडका गमतीनं एक बोट ताटलीवर टेकवतो, तर सुई सर्रकन पुढे जाऊन परत येते. म्हणजे काटा खरा होता. बाई हवेत होती, असंच म्हणायला हवं.

बाबांनी रिमोटवरचं एक बटण दाखवलं. एकेक चित्र पुढे सरकतं. सेकंदाला चोवीस चित्रं असतात, हे त्यांनी मला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. ठेंगणीचे ठोके मोजले. एका सेकंदात अकरा. धावपटूची पावलं सेकंदाला चार-पाच पडतात. तिचं कंबरेवरचं अंग मात्र रांगेत उभं राहून पाळीची वाट बघणाऱ्या बाईसारखं शांत. मानेवरचा घाम दिव्यात चमकतो तेवढ्यावरूनच कळतं, की ही हाडामांसाची आहे.

ती मध्येच जिभेचं टोक दातांत धरते. एवढीशी गोष्ट. माझ्या अंगावर काटा आला.

११ मार्च, सोमवार

अध्यक्षांचा फोन. आवाजात साखर. मिटवून टाकू या म्हणाले. चौकशी वीस तारखेला आहे. मी ‘नजरचूक झाली’ एवढं एक वाक्य लिहून द्यायचं, म्हणजे भिंगरीचे सर गप्प होतील आणि पुढच्या मोसमापासून मी परत खुर्चीवर. मी म्हटलं, नजरचूक झालेली नाही. टाच घसरली होती. ते म्हणाले, बाई, ताणू नका.

फोन आला तेव्हा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला होता, तो परत चालू करायला विसरले. स्वयंपाकघरातून बाहेर आले तर बाबा तसाच मुका नाच पाहत बसलेले, आणि बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरलेला. मी पडद्याकडे पाहिलं. ठेका बरोब्बर. बाबांना हा नाच किती पाठ आहे! मी दारात उभी राहून पाहत राहिले. दोनदा बेल वाजली तरी ते जागचे हलले नाहीत. मीच दार उघडलं, काकू होत्या. आज आवाज नाही, सगळं ठीक ना, म्हणून विचारायला आलेल्या.

बाबांचा माझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. काही सांगायला गेलं तर म्हणतात, समोर येऊन बोल. शाळेतल्या मुलासारखं मला समोर उभं करतात.

१२ मार्च, मंगळवार

वही बाजूला ठेवून पाहिला. काय फरक पडतो! गेल्या आठवड्यात मी पेन्सिलीकडे बघायची आणि तेवढ्यात चार-पाच ठोके निसटून जायचे. आज नुसती पाहत होते. लांबूडका शिडी चढतो, एकेका दांड्यावर दोन-दोन ठोके देत, आणि शिडीला पाठ करून, लोकांकडे तोंड ठेवून उतरतो, तेही न बघता. पाय आपले आपण दांडी शोधतात. मग दोघं काउंटरवरून एकाच वेळी खाली झेपावतात. माझ्या मुली जाड गादीवर उतरतात तरी त्यांचे घोटे सुजतात. ही माणसं कडक लाकडावर उतरून हसतात. गुडघा किती वाकवायचा, चवडा कधी टेकवायचा, टाच किती उशिरा सोडायची, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूनं काढून शिकवलं. इथे कुणी शिकवल्यासारखं वाटतच नाही. मांजर भिंतीवरून उतरतं तसं.

हात टेकले मी. आणि असे हात टेकायला किती बरं वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

१४ मार्च, गुरुवार

आज एक नवीनच गोष्ट दिसली.

काउंटरवरून उतरल्यावर दोघं एक तुकडा तीनदा करतात. उतरायचं, थांबायचं, चार ठोके, गिरकी. पहिल्यांदा तसंच, दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा लांबूडका उतरतो आणि थांबत नाही. सरकत जातो. खोलीच्या निम्म्यापर्यंत लांबलचक, एका पायावर, डौलात. ठेंगणी त्याच्या पाठोपाठ तशीच सरकते आणि दोघं भिंतीशी गिरकी घेतात. सगळ्या नाचातली ही सर्वांत सुंदर जागा. मला ती मुद्दाम बसवलेलीच वाटली होती.

आज एकेक चित्र सरकवलं. लांबूडक्याची उजवी टाच टेकली आणि सुटली. सुटली म्हणजे घसरली. मी हे रोज पाहते, मला ते कुणी सांगायला नको. त्याच क्षणी ठेंगणीची नजर त्याच्या पायाकडे गेली. फक्त तीन चित्रांपुरती, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. तिथून पुढे तिनंही पाय सोडला. बाकी नाचात ती एकदाही खाली बघत नाही.

तो पडायला लागला होता. पडण्याऐवजी त्यानं पाय पुढे जाऊ दिला, अंग त्याच्यामागे नेलं आणि त्याचं पाऊल केलं. आणि ती बाई पापणी लवायच्या आत त्याच्याबरोबर गेली, म्हणून तो एकटा पडला नाही. दोन्ही अर्थांनी.

मी बाबांच्या समोर जाऊन बसले आणि सांगितलं. ते म्हणाले, “घसरला ना? मला वाटलं, तुला पहिल्याच दिवशी दिसलं असेल.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“अकरा आठवडे दिवसातून चार खेळ. तिथे एक ठोका कमी आहे. केबिनमध्ये मशीनचा एवढा खडखडाट असायचा, तरी तो नसलेला ठोका मला ऐकू यायचा.”

मी म्हटलं, लावते, दाखवा कुठे. त्यांनी माझा हात धरून रिमोट खाली ठेवला.

“तूच ऐक आणि मला सांग. मला नाही ऐकू येत आता. दिवाळखोरी जाहीर करायला माणूस लाजतो, तसं झालंय माझं. वर्ष होत आलं. आधी थोडं यायचं.”

 मी पुन्हा नाच लावला आणि त्या जागेला त्यांच्या तळहातावर बोटांनी ठोके दिले. जिथे ठोका नाही तिथे बोट उचलून धरलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

हे पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला वाटत होतं ते रागावलेत. बाकी काही असो, भिंगरीच्या सरांचं माझ्या डोळ्यांबद्दलचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

१६ मार्च, शनिवार

कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. यंत्रानं थोडा फरक पडेल, फार नाही. बाबा माझ्याच ओठांकडे बघून म्हणाले, “एवढ्यासाठी तू शाळा बुडवलीस?”

दुपारी नाच पाहिला आणि एक गोष्ट ध्यानात आली, ती लिहायला हात धजत नाही. चाचणीच्या दिवशी टाच घसरलेली मी पाहिली. मग काय केलं? तीन दशांश लिहायला खाली पाहिलं. मान वर केली तेव्हा भिंगरी शेवटच्या मुद्रेत उभी होती. मधलं मी पाहिलेलंच नाही.

नियम काय आहे? उतरल्यावर तोल जाऊन पाऊल पडलं तर कापायचं. पाऊल ताब्यात असेल आणि पुढच्या हालचालीत मिसळलं, तर कापायचं नाही. हा नियम मी पोरांना परीक्षेत विचारते.

१९ मार्च, मंगळवार

उद्या चौकशी. आज सरावाच्या हॉलवर गेले. भिंगरीचे सर दारातच आडवे आले. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या, तुम्हीही थांबा हवं तर. ते थांबले, हाताची घडी घालून.

भिंगरी पायाला पट्टी गुंडाळत होती. मला बघून उठून उभी राहिली. ‘मॅडम’ म्हणाली.  मी सरळच विचारलं, की त्या दिवशी शेवटच्या उडीनंतर पाय घसरला होता का. सर म्हणाले, ते पाऊल आम्ही बसवलेलंच होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहत राहिले.

ती म्हणाली, “घसरला, मॅडम. पण मी त्याला सोडलं नाही.”

सर भिंतीकडे बघायला लागले.

मी तिला म्हटलं, दाखव. ती धावली, उडाली, खाली आली आणि टाच मुद्दाम सोडून दिली. तो पाय पुढे गेला, मागचा गुडघा खाली आला, अंग त्याच्याबरोबर वाहत गेलं आणि त्यातूनच गिरकी उमलली. मुद्दाम केलेलं होतं, त्यामुळे त्या दिवसाची घाबरगुंडी त्यात नव्हती. तरी मी आ वासून पाहत राहिले. अर्ध्या सेकंदात, पडता पडता, सोळा वर्षांच्या पोरीनं हे शोधून काढलं होतं. आणि मी त्या वेळी आकडा लिहीत होते.

तिला एवढंच म्हणाले, की मी हे त्या दिवशी पाहायला हवं होतं.

२० मार्च, बुधवार

चौकशीत अध्यक्षांनी माझ्यासमोर तयार कागद सरकवला. ‘नजरचूक झाली, पाय घसरला नव्हता.’ सही तेवढी करायची बाकी.

मी कागद परत सरकवला आणि बोलायला उठले.  म्हटलं, पाय घसरला होता, ते मी बरोबर पाहिलं आणि त्या मुलीनंही कबूल केलंय. पण त्यानंतर तिनं जे केलं ते मी पाहिलं नाही, कारण मी कापायला खाली वाकले होते. तिनं तोल जाऊ दिला नाही. नियमाप्रमाणे तीन दशांश कापायला नको होते. चूक माझी आहे. ती डोळ्यांची नाही, घाईची आहे.

 भिंगरीच्या सरांनी तक्रारीत ‘पाय घसरलाच नाही’ लिहिलं होतं, त्यामुळे ते मान खाली घालून होते. अध्यक्ष म्हणाले, बाई, यानं तुमचंच नुकसान आहे, साधी नजरचूक सगळ्यांना पचली असती. मी म्हटलं, ते खरं नाही, म्हणून.

निकाल तासाभरात लागला. गुण दुरुस्त झाले. सहाव्या नंबरवरची मुलगी एव्हाना संघाबरोबर सरावाला लागलीय, तिचा काय दोष? तिला काढायचं नाही असं ठरलं. भिंगरी सातवी, राखीव म्हणून जाणार. मला एक वर्ष मुख्य पंचाची खुर्ची नाही. लहान गटांच्या स्पर्धांना बसू शकेन, तेही कुणाच्या तरी हाताखाली.

घरी येऊन बाबांना समोर बसून सगळं सांगितलं. पुन्हा पुन्हा विचारून त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अख्खं वर्ष वही नाही? मग चंगळ आहे तुझी. नुसतं पाहायचं.”

मी रडले. बऱ्याच वर्षांनी.

२६ मार्च, मंगळवार

बाबांना यंत्र बसवलं. दार आपटलं की दचकतात, माणसाचं बोलणं तुटक कळतं. टॅपचे ठोके म्हणे तव्यावर फुटाणे उडाल्यासारखे ऐकू येतात, सगळे एकात एक. दहा मिनिटांत यंत्र काढून खिशात ठेवलं आणि हात पुढे केला. मी तळहातावर पूर्ण नाच वाजवला, दोन मिनिटं चाळीस सेकंद. अकरा ठोक्यांच्या जागी माझी बोटं अडखळली, सातच जमले. ती बाई ते पायांनी करते, वजनकाट्यावर उभी राहून, जिभेचं टोक दातांत धरून. देवा.

३१ मार्च, रविवार

भिंगरीचा निरोप होता, संघ उद्या निघतोय, शेवटचा सराव बघायला या. बाबांना घेऊन गेले. सरांनी खुर्ची आणून दिली, स्वतःहून. माझ्याशी बोलले नाहीत, पण खुर्ची आणली.

बाबा बसेनात. हॉलची फरशी लाकडी आहे, खाली स्प्रिंगा. त्यांनी चपला काढल्या, मोजे काढले, यंत्र माझ्या हातात दिलं आणि रंगवलेल्या रेषेबाहेर अनवाणी उभे राहिले, डोळे मिटून. भिंगरी कोपऱ्यातून धावत निघाली. मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिच्या पावलांबरोबर त्यांच्या भुवया वर वर चढत गेल्या. ती हवेत गेली तेव्हा त्यांनी श्वास धरला. ती खाली आली तेव्हा, तिच्याकडे न बघता, ते टाचांवर किंचित मागे झुकले, जणू तेच उतरले होते. मग हसायला लागले. चाळीस वर्षं अंधाऱ्या केबिनच्या भोकातून नाच पाहणारा माणूस. अख्खी फरशी पहिल्यांदाच त्याच्या पायाखाली वाजत होती.

भिंगरीनं पुन्हा केलं. आणि पुन्हा. तिलाही कळलं होतं हे कशासाठी चाललंय. पाचव्या वेळी ती धापा टाकत आमच्यापर्यंत आली आणि त्यांच्या समोर, ओठ नीट दिसतील असं उभं राहून विचारलं, “कसं झालं, आजोबा?”

बाबांनी डोळे उघडले.

“फार सुरेख,” ते म्हणाले. “फक्त डावा पाय जरा जड पडतोय.”

सर पुढे आले. मग भिंगरीकडे वळून म्हणाले, “हे मी तुला दोन महिने सांगतोय.”